रक्ताची गुठळी आणि चाचणीचा हरवलेला पत्ता

एप्रिल 2024 च्या अखेरीस लंडनच्या न्यायालयातील एका दाव्याची कागदपत्रे जगभर बातमीचा विषय झाली. आपल्या कोविड लशीमुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटण्याचा विकार उद्भवू शकतो, हे ॲस्ट्राझेनेका कंपनीने त्या कागदपत्रांत मान्य केले होते. हीच लस भारतात कोविशील्ड या नावाने दिली गेली आणि तिच्या मात्रांची संख्या पावणेदोनशे कोटींच्या घरात होती. साहजिकच पुढच्या काही दिवसांत देशभरातील दवाखान्यांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: डी-डायमरची चाचणी करून घ्यावी का?

वास्तविक या कबुलीत नवे असे काही नव्हते. युरोपच्या औषध नियामकाने या विरळ दुष्परिणामाची नोंद एप्रिल 2021 मध्येच केली होती. तो प्रामुख्याने पहिल्या मात्रेनंतर आणि साधारणपणे चार ते बेचाळीस दिवसांच्या अवधीत दिसतो, हेही तेव्हाच स्पष्ट झाले होते. म्हणजे लस घेऊन तीन वर्षे उलटलेल्या माणसाच्या रक्तात त्या दुष्परिणामाचा शोध घेणे निरर्थक होते. अनेक डॉक्टरांनी तसे जाहीरपणे सांगितलेही. तरीही भीतीला काहीतरी कृती हवी असते, आणि घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या खासगी प्रयोगशाळांच्या काळात चाचणी ही सर्वांत सोपी कृती झाली आहे.

आरोग्यव्यवस्थेतील एका जुन्या विसंगतीवर या प्रसंगाने बोट ठेवले. रक्त गोठण्याशी संबंधित ज्या चाचण्यांचा निरोगी माणसाला उपयोग नाही, त्या भ्रमणध्वनीच्या एका स्पर्शावर उपलब्ध आहेत. ज्या साध्या चाचणीवर हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाचे आयुष्य महिन्यागणिक अवलंबून असते, ती मात्र त्याला आपल्या गावात मिळेलच याची शाश्वती नाही. पायावरच्या न भरणाऱ्या जखमेमागची शीर तपासण्याची वेळ तर अनेकांच्या बाबतीत येतच नाही.

डी-डायमर म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय तिचा गैरवापर कळत नाही. रक्त गोठते तेव्हा फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी घट्ट होते. ही गुठळी शरीर आपल्याच यंत्रणेने हळूहळू तोडते. तोडताना धाग्यांचे जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांतील एक म्हणजे डी-डायमर. तो वाढला याचा अर्थ शरीरात कुठेतरी फायब्रिन तयार होऊन तुटते आहे, इतकाच. गरोदरपणात तो वाढतो. शस्त्रक्रियेनंतर, न्यूमोनियात, कर्करोगात, अपघाताच्या जखमेत, आणि नुसत्या वयोमानानेही वाढतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा अहवाल लाल अक्षरांत आला, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नसते.

या चाचणीचे खरे सामर्थ्य नकार देण्यात आहे. पाय सुजला आहे किंवा धाप लागते आहे, पण डॉक्टरांनी तपासल्यावर गुठळीची शक्यता कमी वाटते आहे, अशा रुग्णाचा डी-डायमर मर्यादेच्या आत असेल, तर गुठळी नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते आणि पुढची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन वाचतो. पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरावी, असा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाने काढला. साठ वर्षांच्या व्यक्तीला 500 ऐवजी 600, ऐंशीच्या व्यक्तीला 800. हा साधा नियम पाळला, तरी वृद्धांचे कितीतरी अनावश्यक स्कॅन टळतात. आणखी एक गुंता मोजमापाच्या एककांचा आहे. काही प्रयोगशाळा एफईयू या एककात आकडा देतात, काही डीडीयूमध्ये, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. वयाचा दहापटीचा नियमही एफईयूसाठीचा आहे. एका प्रयोगशाळेचा 400 आणि दुसरीचा 400 हे एकच नव्हेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून हैराण झालेल्या कुटुंबाला ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

कोविडच्या लाटेत रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी डी-डायमर उपयोगी ठरला, कारण तिथे तो आजाराची तीव्रता दाखवत होता. रुग्णालयातील हे साधन लाट ओसरल्यावर बाजारात उरले आणि आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये जाऊन बसले.

आता दुसऱ्या चाचणीकडे वळू. पीटी-आयएनआर हे तिचे नाव. तिच्याभोवती कसला गाजावाजा नाही, तिची जाहिरात होत नाही आणि ती एकदा करून भागतही नाही. अमेरिकेतील डॉक्टर आर्मंड क्विक यांनी 1935 मध्ये मांडलेली ही चाचणी आजही मूळ स्वरूपातच चालते. रक्त सोडियम सायट्रेट असलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत घेतले जाते. सायट्रेटमुळे कॅल्शियम बांधले जाते आणि रक्त गोठत नाही. मग प्रयोगशाळेत त्यातील द्रव भाग वेगळा काढून त्यात कॅल्शियम आणि थ्रोम्बोप्लास्टिन घालतात आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात.

अडचण थ्रोम्बोप्लास्टिनची होती. कुणी ते सशाच्या मेंदूपासून बनवी, कुणी माणसाच्या. त्यांची संवेदनक्षमता वेगवेगळी असल्याने एकाच रक्ताला वेगवेगळे सेकंद लागत. अमेरिकेत कमी संवेदनशील द्रव्य वापरात होते, त्यामुळे अपेक्षित आकडा गाठण्यासाठी तिथल्या रुग्णांना कित्येक वर्षे जास्त मात्रा दिली गेली आणि रक्तस्रावाचे प्रमाण वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये यावर तोडगा स्वीकारला. प्रत्येक द्रव्याला संवेदनक्षमतेचा एक निर्देशांक द्यायचा आणि त्या आधारे सेकंदांचे रूपांतर एका समान आकड्यात करायचे. तोच आयएनआर. मडगावात 2.5 आलेला आकडा मुंबईत किंवा लिस्बनमध्येही 2.5 च असावा, ही त्यामागची कल्पना. मात्र द्रव्याची नवी खेप आली की तिचा निर्देशांक यंत्रात भरावा लागतो, आणि निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरावी लागते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, असे ते प्रमाण आहे. नळी अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होते आणि रक्त प्रत्यक्षात आहे त्याहून पातळ असल्याचा भास होतो. यात महागडे तंत्रज्ञान कुठेच नाही. लागते ती शिस्त.

हा आकडा कुणासाठी महत्त्वाचा? वॉरफेरिन किंवा भारतात तितक्याच प्रचलित असलेल्या निकोमालोन या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. वॉरफेरिनची कुळकथा मजेशीर आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गवती चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील घटक शोधून काढला. त्यातूनच पुढे उंदीर मारण्याचे औषध 1948 मध्ये बाजारात आले, आणि 1954 मध्ये त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली. विषाचे औषध झाले ते मात्रेवर काटेकोर पहारा ठेवता आला म्हणून. तो पहारा म्हणजेच आयएनआर. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. पायातील गुठळी किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी तो 2 ते 3 मध्ये हवा, आणि मायट्रल झडप धातूची किंवा कार्बनची असेल तर सामान्यतः 2.5 ते 3.5. याखाली घसरला तर झडपेवर गुठळी जमते, झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. चार-पाचच्या वर गेला तर हिरड्यांतून, लघवीतून, आणि दुर्दैव असेल तर मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्ही बाजूंना दरी आणि मधे अरुंद वाट.

या जुन्या गोळ्यांचा काळ संपला, असे एक चित्र गेल्या दशकात उभे राहिले. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या नव्या औषधांना आयएनआर लागत नाही, आहाराचे पथ्य नाही, मात्रा ठरलेली. पायातील गुठळी आणि झडपेचा दोष नसलेल्या अनियमित ठोक्यांसाठी ही औषधे खरोखरच सोयीची आहेत. 2020 नंतर पेटंटच्या मुदती संपत गेल्या तशी भारतीय कंपन्यांची स्वस्त रूपे उपलब्ध झाली, आणि सप्टेंबर 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत डॅबिगाट्रानला स्थान मिळाले. परंतु हे चित्र श्रीमंत देशांच्या रुग्णांवरून काढलेले आहे. तिथे संधिवाती तापाने झडपा खराब झालेले रुग्ण जवळजवळ नाहीसे झाले आहेत. भारतात ते आजही आहेत, आणि त्यांत तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

यांत्रिक झडपेच्या रुग्णांना डॅबिगाट्रान देण्याचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचा ठरला तो 2022 मधील इन्व्हिक्टस हा अभ्यास. 24 देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते आणि दिल्लीच्या एम्समधील डॉ. गणेशन कार्तिकेयन हे त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. संधिवाती झडपदोष आणि अनियमित ठोके असलेल्यांत रिव्हारोक्साबान सरस ठरेल, निदान बरोबरीचे ठरेल, अशी बहुतेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. विशेष म्हणजे अभ्यासाच्या सुरुवातीला या जुन्या गोळ्यांच्या गटातील जेमतेम एक तृतीयांश रुग्णांचा आयएनआर योग्य पट्ट्यात होता. नियमित तपासणी सुरू झाल्यावर हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. ठरावीक अंतराने कुणीतरी त्या रुग्णाला भेटत होते, आकडा पाहत होते, गोळी कमी-जास्त करत होते. मृत्यू घटण्यात औषधाचा वाटा किती आणि या भेटींचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. भेटींचा वाटा असणारच नाही, असे मात्र कुणी म्हणत नाही.

भारताने झडप स्वस्त करून दाखवली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली देशी झडप 1990 मध्ये प्रथम एका रुग्णाला बसवली गेली, आणि पुढे ती परदेशी झडपेच्या तुलनेत कितीतरी कमी किमतीत हजारो रुग्णांपर्यंत पोहोचली. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आता सरकारी योजना उचलतात. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे छत्र आहे. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. या योजना रुग्णालयातील उपचारांच्या पॅकेजभोवती बांधलेल्या आहेत. आयुष्मान भारतमध्ये रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो. यांत्रिक झडपेला मात्र आयुष्यभर आयएनआर लागतो. लाखोंची शस्त्रक्रिया फुकट आणि काहीशे रुपयांची मासिक चाचणी रुग्णाच्या खिशातून व त्याच्या बुडालेल्या रोजातून, असा हा हिशेब आहे.

गोव्यात हा प्रश्न अंतराचा वाटत नाही, कारण राज्य लहान आहे. परंतु काणकोणहून बांबोळी साठ किलोमीटरच्या घरात पडते. सांगे किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यावरून दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. सकाळी रक्त द्यायचे, अहवालाची वाट पाहायची, मग डॉक्टरांना तो दाखवायचा आणि गोळी अर्धी करायची की पाऊण हे विचारून परतायचे. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस गेला. पहिले काही महिने तो येतो. मग प्रकृती बरी वाटू लागते, शेवटच्या चिठ्ठीवरची मात्रा तशीच चालू राहते आणि चाचणीतले अंतर महिन्याचे तिमाहीचे, तिमाहीचे सहामाहीचे होत जाते.

दरम्यान आकडा मात्र स्थिर राहत नाही. या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात, आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. गोव्यातील श्रावण आठवून पाहावा. मासळी बंद, आणि ताटात तायकिळा, शेवग्याचा पाला, अळू, तांबडी भाजी. एरवी आठवड्यातून एकदा पाला खाणारा माणूस महिनाभर रोज खाऊ लागला, तर आयएनआर खाली येतो. चतुर्थी उलटून ताट पूर्ववत झाले की पुन्हा वर जातो. मधल्या काळात कुणी मात्रा वाढवून दिली असेल, तर आणखीच वर. पालेभाजी वर्ज्य करणे हा यावरचा उपाय नव्हे. वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात ती खावी आणि आहार बदलण्याच्या दिवसांत चाचणी लवकर करावी, एवढेच पुरते. औषधांचेही तसेच. जुलाबासाठी सहज घेतले जाणारे मेट्रोनिडॅझोल किंवा बुरशीच्या संसर्गावरचे फ्लुकोनॅझोल आयएनआर झपाट्याने वाढवते; क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो पाडते. गुडघेदुखीची गोळी पोटातील रक्तस्रावाला निमंत्रण देते. औषधाच्या दुकानात नुसते पोट बिघडल्याचे सांगून गोळ्या आणणाऱ्या रुग्णाला हे ठाऊक असण्याची शक्यता किती?

नव्या गोळ्या घेणाऱ्यांबाबत उलटी चूक होते. त्यांचा आयएनआर पाहून औषध ठरवता येत नाही, तरी तो सवयीने मागवला जातो. त्यांना हवी असते ती अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणी, आणि ती राहून जाते.

सवयीच्या चाचण्यांचा विषय निघालाच आहे, तर बीटी-सीटीचा उल्लेख टाळता येत नाही. कानाच्या पाळीला किंवा बोटाला टोचून रक्त किती वेळाने थांबते ते घड्याळावर पाहण्याची ही पद्धत शस्त्रक्रियेपूर्वीच्या यादीत अनेक ठिकाणी आजही छापलेली असते. शस्त्रक्रियेत कुणाला जास्त रक्तस्राव होईल, हे या चाचणीवरून सांगता येत नाही, हे 1990 च्या दशकातच स्पष्ट झाले होते. दात काढल्यावर किती वेळ रक्त वाहिले, मासिक पाळीत अतिस्राव होतो का, घरात कुणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, हे तीन प्रश्न विचारले तर त्याहून अधिक कळते. दुसऱ्या टोकाला आनुवंशिक दोष शोधणाऱ्या प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन अशा महागड्या चाचण्या आहेत. गुठळी झाली त्याच आठवड्यात त्या करण्याची घाई होते. वॉरफेरिन सुरू असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसणार, हेपारिनवर अँटिथ्रोम्बिन घटणार, गरोदरपणात प्रोटीन एस उतरणार. चुकीच्या वेळी केलेल्या या चाचणीतून विशीतल्या मुलीवर आनुवंशिक दोषाचा शिक्का बसतो आणि तो तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतो. उपचारात मात्र त्याने बहुतेकदा फरक पडत नाही.

रक्तात गुठळी का होते, याची मांडणी जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांच्या नावाने ओळखली जाते. प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही ती तीन कारणे. त्यांच्या जन्मदिनी, 13 ऑक्टोबरला, 2014 पासून जागतिक थ्रोम्बोसिस दिन पाळला जातो. बाळंतिणीमध्ये ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच काळात तिला खाटेवरून उठू न देण्याची व पाणी बेतानेच देण्याची रूढी काही घरांत अजून टिकून आहे. एकाच पायाला आलेली सूज आणि पोटरीतील दुखणे हे बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून दिले, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. इथे डी-डायमर कामाचा नाही, कारण प्रसूतीनंतर तो वाढलेलाच असतो. हवी असते ती पायाची डॉप्लर सोनोग्राफी, आणि तीही त्याच दिवशी.

डॉप्लरपाशी आले की या विषयाची दुसरी बाजू समोर येते: शिरांचे जुने आजार. पायातील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेले रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांत एकमार्गी झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते. ती वर्षानुवर्षे भरत नाही. स्वयंपाकघरात, हॉटेलात, दुकानात, वर्गात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना हा त्रास विशेष जाणवतो. फुगलेल्या शिरांबद्दल बोलायला संकोच वाटतो. साडी किंवा पँट त्या झाकून टाकते.

गोव्यात या जखमेचे निदान आणखी एका कारणाने चुकू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: 26.4 टक्के. चार प्रौढांत एकाला मधुमेह असलेल्या राज्यात पायावरची कुठलीही जखम ‘साखरेची’ ठरते. साखर आटोक्यात आणायची, प्रतिजैविके द्यायची, रोज मलमपट्टी करायची, हा ठरलेला क्रम सुरू होतो. शिरेच्या दोषामुळे झालेली जखम केवळ मलमपट्टीने भरणे कठीण असते, कारण पाठीमागून येणारे रक्त थांबलेले नसते. तिला घट्ट पट्ट्यांचा दाब लागतो. मात्र मधुमेही रुग्णाच्या रोहिण्याही अरुंद झालेल्या असू शकतात, आणि तसे असताना दाब दिला तर पायाचा रक्तपुरवठाच तुटतो. म्हणून आधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर पाहायचे. हातात धरायचा छोटा डॉप्लर, रक्तदाबाचा पट्टा आणि पंधरा मिनिटे, एवढ्यावर हे काम होते.

यापुढचे पाऊल कोणते, याचे उत्तर आता संदिग्ध राहिलेले नाही. ब्रिटनमधील एस्कार अभ्यासाने 2004 मध्ये दाखवले की दाबपट्टीच्या जोडीला सदोष शिरेची शस्त्रक्रिया केली, तर वर्षभरात जखम पुन्हा होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर येते. 2018 च्या एव्ह्रा अभ्यासात 450 रुग्ण होते. जखम भरेपर्यंत न थांबता लगेच शिरेवर उपचार केलेल्यांची जखम सरासरी 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांना 82 दिवस लागले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 पासूनच उपचारांचा क्रम लावून दिला आहे. आधी लेझर किंवा रेडिओलहरींनी शीर आतून बंद करणे, ते शक्य नसेल तर फेसाचे इंजेक्शन, आणि शेवटी शस्त्रक्रिया. मोजे हा मूळ उपचार म्हणून तेव्हाच, जेव्हा यांपैकी काही करता येत नाही.

या उपचारांच्या जाहिराती आज महामार्गावरच्या फलकांवर दिसतात. ‘टाके नाहीत, त्याच दिवशी घरी.’ ते खोटे नाही. फक्त त्या जाहिरातींचा ग्राहक असतो तो पायावर निळसर जाळी दिसते म्हणून अस्वस्थ झालेला, खर्च करू शकणारा माणूस. ज्याच्या घोट्यावर तीन वर्षांची जखम आहे, तो आरोग्य केंद्राच्या मलमपट्टीच्या खोलीत बसलेला असतो. लेझर करण्यापूर्वी रुग्णाला उभे करून डॉप्लर करावा लागतो, कुठली झडप किती वेळ गळते ते मोजावे लागते, आणि खोल शिरांत जुनी गुठळी तर नाही ना हे पाहावे लागते. खोल शीर बंद असताना वरची शीर जाळून टाकली, तर रक्ताला उरलेला पर्यायी रस्ताही जाऊ शकतो.

डॉप्लर गावापर्यंत का पोहोचत नाही, यामागे यंत्राच्या किमतीइतकेच कायद्याचेही कारण आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या 1994 च्या कायद्यानुसार प्रत्येक अल्ट्रासाऊंड यंत्राची, त्याच्या जागेची आणि ते वापरणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. फिरते यंत्र आज इथे, उद्या तिथे नेण्यावर कडक बंधने आहेत. कायद्यामागचा हेतू निर्विवाद आहे आणि त्याच्या कडकपणाची गरज या देशाने स्वतःच सिद्ध केली आहे. तरीही पायाची शीर पाहणाऱ्या शल्यचिकित्सकालाही त्याच चाकोरीतून जावे लागते, हा त्याचा अनपेक्षित परिणाम. रक्तप्रवाहाचा केवळ आवाज ऐकवणाऱ्या, चित्र न दाखवणाऱ्या छोट्या डॉप्लरपासून सुरुवात केली, तर ज्यांना पुढच्या तपासणीसाठी पाठवायला हवे ते रुग्ण तरी वेगळे काढता येतील.

गोव्याने याच प्रकारचा एक अवघड प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी प्रकल्पात तालुक्याच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढला जातो, तो गोमेकॉतील हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन गरजेनुसार तिथेच दिले जाते. तज्ज्ञ बांबोळीत राहतो, निर्णय मात्र काणकोणात पोहोचतो. हे जर मिनिटांची लढाई असलेल्या आजारात जमते, तर महिन्यातून एकदा करायच्या आयएनआरसाठी न जमण्याचे कारण नाही. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारी हातातली यंत्रे बरीच वर्षे वापरात आहेत. ब्रिटनमध्ये परिचारिका आणि औषधनिर्माते अशी केंद्रे चालवतात, आणि रुग्णाकडे पिवळी नोंदवही असते. मागचा आकडा, आजचा आकडा, बदललेली मात्रा, पुढची तारीख, सगळे त्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये अत्यावश्यक चाचण्यांची पहिली यादी केली, तेव्हा पीटी-आयएनआर तीत होता.

अडेल ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे या यंत्रांच्या पट्ट्या. त्या आयात होतात, महाग पडतात, मुदतीत संपवाव्या लागतात आणि त्यांचा आकडा ठरावीक काळाने मोठ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो, विशेषतः तो चारच्या वर दाखवत असेल तेव्हा. झडपेच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच पुढच्या दोन-तीन वर्षांच्या चाचण्यांची रक्कम धरली, तर या खर्चाला धनी मिळेल. दुसरे ठिकाण अधिक साधे आहे: या रुग्णांची एकत्र यादी. शस्त्रक्रिया कुणाची झाली हे योजनेच्या देयकांत नोंदलेले असते. त्यांतील यांत्रिक झडपेचे रुग्ण तालुकावार वेगळे काढून प्रत्येकाचा शेवटचा आयएनआर कधी झाला हे विचारायला नवे यंत्र लागत नाही. पायाच्या जखमांसाठी तर तेवढीही उठाठेव नको. प्रत्येक आरोग्य केंद्रात मलमपट्टीची नोंदवही असते. तीत एकाच रुग्णाचे नाव सहा महिन्यांहून अधिक काळ येत असेल, तर डॉप्लरसाठी पाठवायच्या माणसांची पहिली यादी तीच.